मुंजीत वडिलांनी करायची तयारी

यंदा वैशाखात बडोद्याला माझ्या भाच्याची मुंज झाली. दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांच्या रीतीप्रमाणे घाणा, मातृभोजन, चौल हे सारे विधी यथासांग पार पडले आणि भिक्षावळीत शेजारच्या गुजराती काकूंनीही बटूच्या झोळीत कौतुकाने लाडू घातले. तथापि मला लिहायचे आहे ते उपदेशाविषयी, म्हणजे बटूला गायत्री मंत्र देण्याविषयी, कारण मुंजीचा गाभा तोच असून हल्ली कार्यालयाच्या घाईगर्दीत नेमका तोच उरकला जातो.

घरातल्या संस्कारांचे विधी सांगणाऱ्या आश्वलायन गृह्यसूत्रानुसार सावित्री, म्हणजेच गायत्री, मंत्र आधी एकेक पाद (चरण), मग अर्धी ऋचा आणि शेवटी सलग असा सांगायचा असतो. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील ६२व्या सूक्ताची ही १०वी ऋचा. गायत्री छंदात आठ अक्षरांचे तीन पाद असतात, पण हिच्या पहिल्या पादात सातच अक्षरे भरतात. म्हणून ‘वरेण्यम्’ हे ‘वरेणियम्’ असे धरून २४ अक्षरे पुरी करतात. मेहुण्यांनी हे मुलाला मुंजीच्या बरेच आधी बोटांच्या पेरांवर मोजायला लावले होते, त्यामुळे उपरण्याआड पितापुत्र बसले तेव्हा मंत्र पाठ म्हणवून घेण्याची गडबड नव्हती.

याच संस्कारात आचार्य बटूच्या हृदयावर हात ठेवून ‘मम व्रते हृदयं ते दधामि’, म्हणजे ‘माझ्या व्रतात तुझे हृदय ठेवतो’, असे म्हणतो. आपल्याकडे उपदेश बहुधा वडीलच करतात. मग हे म्हणणाऱ्याचे स्वतःचे काही व्रत असायला नको का? मुलाला आठवे वर्ष लागले की आपण मुहूर्त, कार्यालय आणि आचारी पाहतो, पण वडिलांना संध्या, म्हणजे मुंजीनंतर रोज करायची उपासना, येते का, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते ज्यांना येत नसेल त्यांनी मुहूर्त धरण्याआधी ती शिकावी, आणि त्यासाठी मुंज वर्षभर लांबली तरी बिघडत नाही, कारण ब्राह्मण बटूसाठी सूत्रकारांनीच सोळाव्या वर्षापर्यंत मुभा दिली आहे.

मेहुणे नोकरी सांभाळून गल्लीतल्या एका वृद्ध गुरुजींकडे संध्या शिकले. आता तिन्हीसांजेला दोघे पळी-पंचपात्र घेऊन शेजारी बसतात. संध्येत घ्यायच्या विष्णूच्या नावांपैकी केशवापासून अनिरुद्धापर्यंतची नावे भाचा न अडखळता म्हणतो. त्यापुढच्या अधोक्षज आणि नारसिंह यांचा क्रम मात्र अजून चुकतो, आणि मेहुणे त्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावतात.