टेक्सासचे दिवस आणि न्यू जर्सीची वर्षं

काल रात्री ह्यूस्टनहून चुलतभावाचा फोन आला, आवाज पार बसलेला. नोकरी गेल्यापासून घराचे हप्ते थकलेत आणि आता नोटीस आलीये. मी राहते न्यू जर्सीत एडिसनला, इथे आमच्या गल्लीतल्या एका घराचं फोरक्लोजर, म्हणजे हप्ते थकले म्हणून बँकेने घर ताब्यात घेऊन विकणं, तीन वर्षं कोर्टात रेंगाळलेलं बघितलंय, त्यामुळे पटकन बोलून गेले, अरे घाबरू नकोस, भरपूर वेळ आहे.

चुकलंच माझं. टेक्सासमधे बहुतेक वेळा कोर्टाचा संबंधच येत नाही! थकबाकी भरायला किमान २० दिवसांची नोटीस, मग लिलावाची किमान २१ दिवसांची, आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लिलाव, झालं. आमच्याकडे आधी ३० दिवसांची नोटीस, मग दावा, निकाल, शेरीफचा (काउंटीच्या पोलीस अधिकाऱ्याचा) लिलाव आणि त्यानंतरही १० दिवस पैसे भरून घर सोडवता येतं. तिकडे बँकेच्या लिलावानंतर ती सोय नाही.

देशभर साधारण १२० दिवस हप्ते थकल्याशिवाय बँकेला सुरुवातच करता येत नाही. पण बिचारा लाजेपोटी गप्प राहिला, पाकिटं न फोडताच फ्रिजवर रचून ठेवली होती. हप्ते कमी करून मागायचा पूर्ण अर्ज लिलावाच्या ३७ दिवसांहून आधी पोचला तर त्यावर निर्णय होईपर्यंत लिलाव करता येत नाही. त्याला अजून २० दिवसांचीच नोटीस आलीये, म्हणजे हातात मोजकेच दिवस.

आज सकाळपासून व्हिडिओ कॉलवर आम्ही एकेक पाकीट फोडतोय. वहिनी शेजारी बसून बँक स्टेटमेंटं लावतेय.