आमची वाटचाल : हाफकटच्या मागची अर्धी गाडी

धंदा कधी सुरू केला, असं कुणी विचारलं की दादा माझ्याकडे बघतो आणि मी त्याच्याकडे. आमची स्वतःची गाडी आणली तेव्हा तो निव्वळ छंद होता. दुसऱ्याच्या गाडीचं काम करून पहिल्यांदा पैसे घेतले, तेव्हाही आमची गाडी स्टँडवरच उभी होती, पुढची चाकं काढलेली. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आमचं गॅरेज झालं.

दादा लेथवर काम करायचा, मी ऑटो इलेक्ट्रिशियन. दोघेही दुसऱ्याकडे नोकरीला. गाडी होती पहिल्या पिढीची सुबारू इम्प्रेझा, ऑल व्हील ड्राइव्ह म्हणजे चारही चाकांना ताकद, पण बिनटर्बोची, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा नसलेली. पत्रा ठणठणीत, इंजिन मात्र तेल पिणारं. रॅलीचा ड्रायव्हर कॉलिन मॅक्रे १९९५ साली ज्या गाडीत जगज्जेता झाला तिची ही गरीब चुलत बहीण. रॅलीच्या वेडाशिवाय ही असली गाडी कुणी घेत नाही, आणि ते वेड आम्हा दोघांना लहानपणापासून होतं.

या जातीच्या गाड्या रस्त्यावर आल्या त्याच मुळी रॅलीच्या नियमांमुळे. १९८० मध्ये ऑडीने क्वात्रो आणली आणि टर्बोला चार चाकांची जोड दिली की मातीत काय होतं ते सगळ्यांना दिसलं. पुढे रॅलीच्या ग्रुप बी वर्गातल्या राक्षसी गाड्यांचे जीवघेणे अपघात झाले आणि १९८६च्या मोसमाबरोबर तो वर्ग संपला. त्यानंतर ग्रुप ए हा मुख्य वर्ग झाला. त्याचा नियम असा, की जी गाडी पळवायची तिच्यासारख्या हजारो गाड्या सामान्य गिऱ्हाइकाला विकलेल्या असल्या पाहिजेत. म्हणून दोन लिटरचं टर्बो इंजिन आणि चारही चाकांना ताकद असल्या गाड्या भाजी आणायलाही मिळू लागल्या. आमच्यासारख्यांचं पोट आज त्या नियमावर चाललंय म्हणा ना.

"आहे त्याच इंजिनाला टर्बो लावा की," हे आम्हाला आजही आठवड्यातून एकदा ऐकावं लागतं. लावता येतो. पण बिनटर्बो इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते, मुळात जास्त असतं. सुबारूचं त्या काळचं टर्बो इंजिन आठ-साडेआठच्या आसपास असतं, साधं त्याच्या बरंच वर. आधीच दाबलेल्या हवेला आणखी दाबलं, की स्पार्क पडायच्या आधीच किंवा पडल्यावर नको तिथे मिश्रण पेटतं. बाहेर बारीक कडकड ऐकू येते, आत पिस्टनचे तुकडे पडतात. म्हणून आम्ही अख्खं इंजिनच बदलायचं ठरवलं आणि हाफकट मागवला.

हाफकट म्हणजे अपघातात किंवा भंगारात निघालेल्या गाडीचा दरवाज्यापर्यंत कापलेला पुढचा भाग. इंजिन, गिअरबॉक्स, टर्बो, टर्बोची तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, वायरिंग, सगळं एकमेकांना जोडलेलं येतं. सुटं इंजिन स्वस्त पडतं, पण नंतर एकेका ब्रॅकेटसाठी वणवण होते. हाफकटच घ्या, हे आमचं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. फक्त तो जिथे कापलेला असतो, तिथून मागची सगळी दुखणी आपली, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

इंजिन दोन दिवसांत बसलं. फुशारकी नाही, ही रचनाच तशी आहे. सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे असलेलं हे बॉक्सर इंजिन बुटकं आणि आखूड, माउंट जागच्या जागी येतात. इंजिनाखालचा आडवा दांडा, क्रॉसमेंबर, तेवढा टर्बो गाडीचा लावावा लागला, कारण टर्बोकडे जाणारा एक्झॉस्टचा पाइप जुन्याला अडत होता. वायरिंगला मात्र तीन महिने गेले, रोज संध्याकाळी. दोन्ही गाड्यांचे हार्नेस, म्हणजे वायरींचे जुडगे, फरशीवर शेजारी शेजारी पसरायचे, एक वायर हातात घ्यायची, मल्टिमीटर लावायचा, चिठ्ठी चिकटवायची. मला हे काम मनापासून आवडतं. दादाला ते बघूनही झोप येते.

शेवटी इंजिन चालू झालं, पण आयडलिंगला असं डोलायला लागलं की जणू लग्नात नाचतंय. सेन्सरचे आकडे मिनिटाला बदलत होते. मी चार दिवस हार्नेस उलटापालटा केला. दोष निघाला दादाच्या हौसेत. त्याने इंजिनात हवा नेणारा इनटेक मॅनिफोल्ड घासून लाल रंग दिला होता, सुरेख दिला होता, आणि या इंजिनात ईसीयूची अर्थिंग त्याच मॅनिफोल्डवर बोल्टने घट्ट केलेली असते. रंगावर रिंग, रिंगवर बोल्ट. नाण्याएवढा रंग खरवडला आणि इंजिन शांत झालं. ती खरवडलेली जागा आम्ही अजून तशीच ठेवलीय.

खरा धडा मागच्या डिफरन्शियलने, म्हणजे शाफ्टची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या पेटीने दिला. तो हाफकटमध्ये येत नाही हे उघड आहे. विक्रेत्याने "याच गाडीचा आहे" म्हणत एक सोबत पाठवला. बोल्ट बसले, शाफ्ट बसला, आम्ही खूश. पहिल्याच फेरीत वळण घेताना गाडी कुणी मागून दोरी बांधल्यासारखी अडली. टायर चिरकत होते. आम्हाला वाटलं, नवीन आहे, रुळेल. पाचव्या किलोमीटरला गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाकडून करपल्याचा वास आला. उतरून हात लावला तर चटका बसला.

झालं होतं असं. आमच्या गिअरबॉक्समधल्या पुढच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.४४४, म्हणजे ९ दातांवर ४० दात. मागचा निघाला ३.९, १० दातांवर ३९. पुढची आणि मागची चाकं एकाच वेगाने फिरायची असतील तर एकाच शाफ्टने एकाच वेळी दोन वेगळ्या फेऱ्या मारायला हव्यात. जवळपास १४ टक्क्यांचा हा फरक सोसायचा कुणी, तर मधल्या डिफरन्शियलमधल्या व्हिस्कस कपलिंगने. त्यात पातळ चकत्या आणि सिलिकॉनचं तेल असतं. वळणावर चाकांच्या वेगात पडणारा थोडासा फरक ते आरामात गिळतं, पण सतत घासत राहिलं की तेल तापून फुगतं आणि चकत्या एकमेकींना धरून बसतात. गाडी बांधल्यासारखी होते ती त्यामुळे. आमचं कपलिंग कायमचं गेलं. विक्रेत्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. डिफरन्शियलवर टॅग नव्हता, त्यालाही माहीत नसेल. मोजायचं काम आमचं होतं.

मोजायला काही लागत नाही हो. गाडी स्टँडवर, गिअर न्यूट्रल, टायरवर आणि शाफ्टवर खडूची एकेक रेघ. मागची दोन्ही चाकं दोघांनी मिळून बरोबर दहा वेळा फिरवायची आणि तिसऱ्याने शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. ३९ भरल्या तर ३.९, साडेचव्वेचाळीसला थोड्या कमी तर ४.४४४. पाच मिनिटांचं काम. आम्ही ते केलं नाही म्हणून अख्खा गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवला.

याच विषयावर पुढे गंमतही झाली. एकजण तणतणत आला, "मला लुबाडलं! गिअरबॉक्स ३.९चा दिला आणि मागचा डिफरन्शियल ३.५४५चा." आम्ही मोजलं. दोन्ही आकडे त्याने सांगितलेलेच, आणि जोडी अगदी बरोबर. काही सुबारू गिअरबॉक्समध्ये मागे ताकद नेणारी गिअरची जोडीच १.१ची असते. मागे ३९ला ११ दात, ३.५४५ला १.१ने गुणलं की ३.९. पैसे न घेता परत पाठवला. पुढच्या वर्षी तीन गिऱ्हाइकं घेऊन आला.

पेट्रोलच्या पंपाचंही तेच. टाकी मागे, पंप टाकीत, म्हणजे हाफकटमध्ये नाही. जुन्या गाडीचा पंप चालतोय ना, राहू दे, हा माझा निर्णय. पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा हे पुस्तकी प्रमाण, पण पूर्ण बूस्टला, म्हणजे टर्बोचा दाब पुरा चढल्यावर, आम्ही ते साडेअकराच्या आसपास ठेवतो, जास्तीचं पेट्रोल आतलं तापमान आटोक्यात ठेवतं. त्या दिवशी बूस्ट चढला तसा या प्रमाणाचा गेज साडेअकरावरून बारा, मग साडेबारा, मग तेरा. पंपाला पुरवठा झेपत नव्हता. मी आकडे मोठ्याने वाचत होतो आणि दादाने तेराला ॲक्सिलरेटर सोडला. आणखी तीन सेकंद दाबून धरला असता तर ही वाटचाल लिहायचा प्रसंगच आला नसता.

पहिलं बाहेरचं काम आलं ते वायरिंगचं. एका माणसाने इंजिन बसवून घेतलं होतं, पण चालू होत नव्हतं. मग तसलीच कामं येत गेली, अर्धवट सोडलेली. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त गाड्या दुसऱ्या कुणाच्या तरी उत्साहाचं उरलेलं असतात. मी नोकरी आधी सोडली. दादाने सोडायला वर्ष घेतलं, आणि सोडताना तिथला जुना लेथ विकत घेऊन आला.

लेथपेक्षा जास्त उपयोग झाला तो त्याच्या नजरेचा. या इंजिनांत संपमधून, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यातून, तेल ओढणारा जो पाइप असतो त्याच्या ब्रेझिंगच्या जोडापाशी चीर पडू शकते. चीर पडली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि बेअरिंग जातं. एका गिऱ्हाइकाचा पाइप मी धुऊन, उजेडात फिरवून "ठीक आहे" म्हणून बाजूला ठेवला होता. दादाने तो उचलला, जोडावर रॉकेल लावलं, पुसलं आणि वर खडू घासला. थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटली. तेव्हापासून संप उघडला की तो पाइप बदलतोच, चीर असो नसो.

आमच्या जॉबकार्डावर हॉर्सपॉवरचा रकाना शेवटी आहे. आधी मागचा डिफरन्शियल, पंप, ब्रेक, क्लच, मग टायर. दोन नवे, दोन जुने अशी गाडी आम्ही बूस्टवर चालवून बघत नाही. चारही टायरांचा घेर मोजतो, ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर गाडी उभी. यावरून कामं गेलीत. एकाने आमच्याकडून नेलेल्या गाडीचा बूस्ट घरी स्वतः वाढवला आणि तिसऱ्या गिअरचे दात पिशवीत घालून आणले. पाच गिअरचा तो बॉक्स मुळातच नाजूक, हे आम्ही त्याला लिहून दिलं होतं. तरी दुरुस्त करून दिला, मजुरी मात्र पूर्ण घेतली. दादाला ते पटलं नाही. त्याच्या मते अर्धी घ्यायला हवी होती, आणि हा वाद अजून मिटलेला नाही.

आता आम्ही चौघे आहोत. ताकद मोजायचा डायनो स्वतःचा नाही, भाड्याने वापरतो. आमची इम्प्रेझा तिसऱ्या गिअरबॉक्सवर चालते आणि लाल मॅनिफोल्ड आता ठिकठिकाणी उडालाय. परवा नवा हाफकट उतरवला. आमच्याकडचा नवा पोरगा लगेच इंजिनावरचा इंटरकूलर काढायला धावला. दादाने त्याला हाक मारून गिऱ्हाइकाच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी बसवलं आणि हातात खडू दिला.