'शाळा' मुलांसोबत वाचताना

आज इंदूरच्या रामबागेतल्या वाचनगटात मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'वर बोलणं झालं आणि चर्चा नेहमीप्रमाणे नायकाला आवडणाऱ्या शिरोडकर या मुलीपाशीच अडकली. 2004 साली आलेल्या या कादंबरीची ओळख बहुतेकांना 2011च्या सिनेमातून होते, मग पुस्तकातही फक्त प्रेमकथाच शोधली जाते. तिथेच वाचन फसतं.

खरं काम निवेदनात आहे. नववीतला मुकुंद जोशी स्वतः बोलतो, पण आजूबाजूच्या आणीबाणीचा पुरता अर्थ त्याला लागत नाही. त्याला न कळलेलं वाचकाला कळतं. अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणारी चौकडी, नरूमामाशी होणाऱ्या गप्पा आणि शाळेतली शिस्त हे सगळं एकाच धाग्यात ओवलेलं आहे. ही किशोरांची की मोठ्यांची कादंबरी, हा वाद मला फिजूल वाटतो. तेरा-चौदा वर्षांची मुलं आणि त्यांचे आईबाप वेगवेगळ्या जागी हसतात, एवढं पुरे.

इंदूरमध्ये हिंदी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना लिपीची अडचण नसते, अडतं ते पोरांच्या बोलीत. म्हणून एका बैठकीत आठ-दहा पानंच घ्यावीत, संवाद दोघांनी वाटून मोठ्यानं वाचावेत. शिव्या गाळू नयेत, गाळल्या की पोरं खोटी वाटतात. आणीबाणीबद्दल आधी पाच मिनिटं सांगावं: जून 1975 ते मार्च 1977, सेन्सॉरशिप, अटका. त्याहून जास्त नको, नाहीतर इतिहासाचा तास होतो. आणि सिनेमा? तो शेवटी दाखवा.