५८ टक्के

काल लेकाची पीएफटी झाली, म्हणजे फुफ्फुसं किती काम करतात ते बघायची, नळीत जोरात फुंकायची टेस्ट, स्क्रीनवर मेणबत्त्या येतात आणि त्या विझवायच्या. नऊ वर्षांचा घोडा झालाय तरी मजा येते त्याला. एफईव्ही-वन, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, ५८ टक्के. मागच्या वर्षी ६० होता. आईला फोनवर सांगितलं तर लगेच, "अगं बाई, म्हणजे कमी झालं की!"

तर तेच सगळ्यांसाठी एकदाच लिहून टाकते.

चौदा महिन्यांचा असताना अ‍ॅडिनोव्हायरसचा न्यूमोनिया झाला, व्हेंटिलेटर, सगळं झालं, घरी आलो पण धाप आणि खोकला काही जाईना. सहा महिने एका डॉक्टरांनी दमा दमा म्हणत पंप दिला. मग एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन, केला तर फुफ्फुसावर काळेपांढरे ठिगळ लावल्यासारखे पट्टे, जिथे हवा अडकून बसते तिथे काळं. नाव कळलं, पोस्ट-इन्फेक्शियस ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स. इन्फेक्शन भरून येताना बारीक श्वासनळ्यांमधे व्रण तयार होतो आणि त्या कायमच्या अरुंद होतात, काही तर बंदच. पंपाने त्या उघडत नाहीत, दम्यात उघडतात, फरक तोच.

आता ते ५८. हे टक्के त्याच्याच वयाच्या, उंचीच्या मुलांशी तुलना करून निघतात. लिटरमधे बघितलं तर मागच्या वर्षी ०.७८ होतं, आता ०.८५, म्हणजे वाढलंच की! फुफ्फुस वाढतंय पण व्रण पडलेल्या नळ्या त्या वेगाने रुंद होत नाहीत, त्यामुळे बाकीची पोरं थोडी पुढे सरकतात. हा आजार बहुतेक मुलांमधे सतत पसरत जाणारा नाही, पण पुसलाही जात नाही. दोन वर्षांचा होईपर्यंत रात्री ऑक्सिजन देणारं मशीन, कॉन्सन्ट्रेटर, लागायचा, आता तो माळ्यावर आहे. मला विचाराल तर त्या ५८ पेक्षा ही बातमी मोठी.

काळजी आहे ती पुढची. फुफ्फुसाची ताकद विशी-पंचविशीपर्यंत वाढते आणि मग सगळ्यांचीच हळूहळू उतरते, याचं शिखरच बुटकं असणार. म्हणून घरात अगरबत्ती, मच्छरची कॉइल बंद, आणि सिगरेटवाले काका गेटच्या बाहेर (रुसले तर रुसू देत). दरवर्षी पावसाळ्याआधी फ्लूचं इंजेक्शन. श्वासनळ्या कुठे कायमच्या फुगत तर नाहीत ना, ब्रॉन्किएक्टेसिस, तेही डॉक्टर बघत असतात.

पळताना लवकर दमतो. खो-खोत त्याला बसवतात, पाठलाग करायला उठवत नाहीत, त्याचा राग येतो त्याला. काल घरी येताना रिक्षात विचारत होता, "आई, ०.८५ म्हणजे पाण्याच्या बाटलीएवढं का?" म्हटलं हो, तुझ्या शाळेच्या बाटलीपेक्षा जास्तच.