अश्मंतातला दंड: आठ इंची डॉबमधून एनजीसी 1365, दुसऱ्या हंगामाच्या नोंदी

गेल्या हंगामात माझ्या वहीत एनजीसी 1365 समोर ‘गाभा असावा, खात्री नाही’ एवढीच नोंद होती, आणि ती मुलुंडच्या गच्चीवरून केलेली असल्यामुळे त्यात नवल काही नव्हते. अश्मंत तारकासमूहातली ही दंडयुक्त (म्हणजे गाभ्यातून आरपार ताऱ्यांचा सरळ पट्टा, ‘दंड’, असलेली) सर्पिलाकार दीर्घिका आपल्याकडून ऐन मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, असतानाही क्षितिजापासून जेमतेम 35 अंश वर असते, आणि मुलुंडहून दक्षिणेकडचा तेवढा पट्टा म्हणजे सगळ्या शहराचा उजेड. त्यामुळे यंदा गच्चीचा नाद सोडून मुरबाडच्या पुढे एका मित्राच्या शेतावर दोन अमावास्या गाठल्या. दुर्बीण तीच, आठ इंची आरशाची आणि 1200 मिलिमीटर नाभीय अंतराची डॉब (साध्या, हाताने फिरवायच्या बैठकीवरची डॉब्सोनियन).

कार्तिक अमावास्येला दीर्घिका सापडली, पण दिसली असे म्हणता येणार नाही. ‘काय’ (ग्रीक अक्षर χ) फोर्नेसिस या नावाच्या तीन ताऱ्यांपासून पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे, साधारण सव्वा अंश सरकले की ती 25 मिलिमीटरच्या आयपीसमध्ये (डोळ्याकडच्या भिंगात) येते. गाभा स्पष्ट होता. डोळे अंधाराला नीट सरावतात न सरावतात तोच शेतीची वीज आली आणि शेजारच्या वाडीत मोटर चालू करायला आलेल्या काकांनी हॅलोजन लावला. त्यांचे काही चुकले नाही, वीजच त्यांना रात्री मिळते. माझी मात्र पुढची अर्धी रात्र गेली.

मार्गशीर्ष अमावास्येला रात्री दहाच्या सुमारास, 10 मिलिमीटरचा आयपीस लावून आणि डोक्यावरून काळी चादर घेऊन, तिरक्या नजरेने सुमारे वीस मिनिटे पाहिल्यावर गाभ्याच्या दोन्ही बाजूंना, कागदावर बोटाने पेन्सिल पुसल्यावर उरतो तसा एक पट्टा जाणवू लागला. आनंदाच्या आधी शंका आली. या दीर्घिकेचा दंड जवळजवळ नेमका पूर्व-पश्चिम आहे, आणि डॉब स्थिर ठेवला की दृश्यही त्याच दिशेने सरकते. म्हणजे सरकणारा ठिपका डोळाच लांबवत असेल, तर दंड ‘दिसणारच’. म्हणून सव्वा अंशावरची एनजीसी 1399 ही लंबवर्तुळाकार प्रकारची, पण दिसायला जवळजवळ गोल आणि दंड नसलेली दीर्घिका लावली आणि तीही तशीच सरकू दिली. ती गोलच राहिली. परत 1365 वर आलो, नळीला हलकी टिचकी मारली, आणि पट्टा पुन्हा उभा राहिला. रेखाटनात मी तो धीटपणे काढला आहे. पश्चिम टोकापासून उत्तरेकडे वळणारी भुजा मात्र तुटक रेषेने दाखवली आहे, कारण ती मी पाहिली की छायाचित्रांच्या आठवणीतून काढली, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

या पट्ट्यासाठी एवढा आटापिटा करण्याचे कारण असे की, गाभ्यातल्या कृष्णविवराची रसद याच वाटेने आत येते. दंडाच्या गुरुत्वाकर्षणाने वायूच्या कक्षा वेड्यावाकड्या होतात, वायूचे ढग एकमेकांवर आदळतात, त्यांचा कोनीय संवेग (केंद्राभोवती फिरत राहण्याचा जोर) कमी होतो आणि ते आतल्या बाजूला घसरतात. छायाचित्रांत दंडावर दिसणाऱ्या धुळीच्या काळ्या रेघा म्हणजे या टकरींच्याच जागा. घसरलेला बराचसा वायू केंद्राभोवतीच्या कड्यात अडकून तिथे तारे घडवतो. कृष्णविवरापर्यंत पोहोचतो तो थोडाच.

त्या थोडक्यावरही 1365 चे कृष्णविवर क्ष-किरणांत झळकते. 2012 मध्ये नूस्टार आणि एक्सएमएम-न्यूटन या दोन अवकाश दुर्बिणींनी तिच्याकडे एकाच वेळी पाहिले. तिच्या क्ष-किरणांतल्या लोहाच्या वर्णरेषेचे (लोहाच्या अणूंकडून ठरावीक ऊर्जेला येणाऱ्या किरणांचे) रुंदावणे हा वाटेतल्या ढगांचा परिणाम आहे की गुरुत्वाकर्षणाचा, हा जुना वाद होता. ती कृष्णविवराच्या अगदी कडेशी ताणली गेली आहे, असा निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावरून कृष्णविवर अतिशय वेगाने फिरत असल्याचे ठरले. त्या वेळी त्याचे वस्तुमान सुमारे 20 लाख सूर्यांइतके धरले होते, म्हणजे आपल्या आकाशगंगेतल्या कृष्णविवराच्या निम्म्याच्या आसपास. सुमारे 2 लाख प्रकाशवर्षे पसरलेल्या दीर्घिकेच्या मानाने मला हा आकडा अजूनही लहान वाटतो.

याच्या उलट उदाहरण त्याच तारकासमूहात आहे. एनजीसी 1097 हीसुद्धा दंडयुक्तच, पण तिच्या कृष्णविवराचे वस्तुमान अल्मा दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून 2015 मध्ये सुमारे 14 कोटी सूर्यांइतके निघाले. म्हणजे सत्तरपट; तेव्हा दंडाच्या दिमाखावरून कृष्णविवराचा अंदाज बांधू नये. त्याच रात्री साडेअकराला तीही पाहिली. तिचा गाभा 1365 पेक्षा ठळक होता, दंड वायव्य-आग्नेय दिशेला अस्पष्ट जाणवला, पण आयपीसवर दव धरल्यामुळे रेखाटन अर्धेच राहिले. पौष अमावास्येला अंधार पडल्याबरोबर सुरुवात तिच्यापासून करणार आहे, कारण मध्यमंडल ती 1365 च्या पाऊण तास आधी ओलांडते.