ह्यो आंबो आपलो न्हय

दुपारी आईने आढीतला एक आंबा कापला, फोड तोंडात घातली आणि म्हणाली, "ह्यो आंबो आपलो न्हय."

मी भडकलो. "आपल्याच बागेतलो आसा गो आये!" हातातला पेंढा तिथेच आपटला. ती काही बोलली नाही, दुसरी फोड नुसती माझ्यापुढे धरली. साल जाड, गर पिवळा. केशरी नव्हताच.

तो माल मीच आणलेला. रात्री टेम्पोतून मीच उतरवून घेतलेला.

खोटं तर मी मोहर करपला त्या वर्षापासून बोलतोय. गिऱ्हाइकाचा फोन आला की "आपल्याच बागेतला, काका" हे तोंडातून आपोआप निघतं. पण आईशी मी खोटं बोललो नाही. त्या घडीला मला ते खरंच वाटत होतं. कान तापले होते माझे. हेच दुपारपासून डोक्यातून जात नाही.

2018 साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून खपवणाऱ्यांवर सगळ्यात जास्त मी तोंडसुख घेतलं होतं. अजून घेतो. तेही अगदी मनापासून.

कॉलेजात फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ या मानसशास्त्रज्ञांचा 1959 चा प्रयोग शिकलो होतो. विद्यार्थ्यांना तासभर कंटाळवाणं काम दिलं, मग पुढच्या माणसाला "मजा आली" असं सांगायला लावलं. काहींना एक डॉलर दिला, काहींना वीस. नंतर विचारलं, तर काम खरंच बरं होतं असं एक डॉलरवाले म्हणाले. वीसवाल्यांना निदान माहीत होतं, आपण पैशासाठी खोटं बोललो. एक डॉलरसाठी कोण खोटं बोलतो? मग मन आपलं मतच फिरवतं.

पेटीमागे मला तरी असे किती सुटत होते? फवारणीचं बिल, राखणदाराचे पैसे, त्यात थ्रिप्सची कीड. दोन वर्षं कर्जाच्या हप्त्याला कुणी आलं नाही विचारायला, तुझं कसं चाललंय म्हणून. बाबा असते तर... जाऊ दे. टेम्पोवाल्याला फोन मीच केला होता, बाबांनी नव्हे.

रात्री आढीपाशी बसून आपले आंबे वेगळे काढायला घेतले. डोळे मिटून एकेक नाकाशी धरला. पंधरा वर्षांचा होतो तेव्हा अंधारात ओळखायचो. आज कापून बघितले तर चारांपैकी तीन चुकले. आपला म्हणून उचलला तो बाहेरचा निघाला.

शेवटी आईला हाक मारली. ती पदर खोचून आली, पाट ओढून बसली. दुपारचं काही काढलं नाही. एकेक आंबा नाकाशी नेत सांगत गेली, "ह्यो आपलो. ह्यो न्हय. ह्यो न्हय." ती सांगेल तसा मी या नाहीतर त्या पेटीत ठेवत गेलो.

आपल्या नऊ पेट्या भरल्या. पुण्याच्या काकांना वीस कबूल केल्यात. सकाळी फोन करायचाय.