दोन नंबरच्या ड्रममधल्या अळ्यांची अखेर ओळख पटली

झड लागली आणि खताच्या दोन नंबरच्या ड्रमने पुन्हा घात केला. झाकण काढलं तर कडेकडेने पांढरं वळवळतंय. मंडळींना फोटो दाखवल्याबरोबर निकाल आला, "मॅगट झालेत, फेकून द्या." एक जण म्हणाला, हुमणी.

हुमणी नक्कीच नाही. ती भुंग्याची अळी. तपकिरी कडक डोकं, पुढे सहा पाय, तळहातावर घेतली की अर्धगोल वळते. सुरवंट तर दूरच, त्याला पोटाखाली मांसल पायांची वेगळी रांग असते. मॅगट म्हणजे माशीची अळी, पाय एकही नाही. इथवर सोपं. पण माझ्या ड्रममधल्या सगळ्याच बिनपायाच्या, तरी दोन तऱ्हेच्या. गाडं तिथेच अडलं.

मोबाइलला मॅक्रो लेन्स लावली. (ही घ्याच, कल्चरच्या, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या, पाकिटापेक्षा उपयोगी. कल्चरचं काम आंबट ताकावरही भागतं.) पहिली तऱ्हा मऊ, दुधाळ, एका टोकाला निमुळती. जाड टोकावर दोन काळसर ठिपके. डोळे वाटतात, पण ती श्वासाची छिद्रं, म्हणजे तो मागचा भाग. तोंड निमुळत्या टोकाला. वेगळं डोकं असं नाहीच, कातडीतून आतले काळे आकडे मागेपुढे होताना दिसतात. दुसरी चपटी, मळकट, चिवट कातडीची, अंगावर बारीक केस आणि पुढे इवलंसं गडद डोकं. चिमटीत धरली की खरखरीत लागते.

खात्रीसाठी दोन्ही वेगळ्या बरण्यांत, थोडं कच्चं खत घालून, तोंडाला मलमल बांधून ठेवल्या. घरात त्यावरून काय ऐकलं ते सोडा. पहिल्या बरणीत लालसर कोष आणि मग साध्या घरमाश्या. दुसरीतल्या अळ्या काळपट होऊन काचेवर चढू लागल्या, आणि बऱ्याच दिवसांनी निघाली लांबट, काळी, गांधीलमाशीसारखी माशी. ब्लॅक सोल्जर फ्लाय! चावत नाही, डंख नाही, आणि अळी खरकटं फस्त करते. पहिल्या ड्रमचं खत चाळलं तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

म्हणजे ड्रम गच्चीवर पालथा घालून वाळवायचा बेत रद्द. बंदोबस्त फक्त घरमाशीचा करायचा. ओलं उघडं ठेवायचं नाही, वर रोज कोरडा थर. भुट्ट्याच्या कीसाचा सीझन आहे, मक्याच्या साली फुकट मिळतात, पण वाळवायच्या कुठे? वखारीतला भुसा बरा, प्लायवूडचा मात्र नको. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, यंदा बंद. गेल्या खेपेची वीट इतकी खारट निघाली की धुता धुता हात दुखले.

शिवाय शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथे इंदुरातच बसवलेल्या खताच्या पद्धतीतलं ढीग उलटणं आहेच. तापलेल्या ढिगात अळ्या थंड कडेला सरकतात. कडेचा माल मध्ये गेला की शिजतात. पण थांबा, मग सोल्जरच्याही शिजतील! तर असं करतो. तापवायचा आणि उलटायचा तो एक नंबर, दोन नंबर सोल्जरांना आंदण. वर पन्हळी पुठ्ठ्याच्या पट्ट्या टांगतो, अंडी त्या फटींत घालतात.

काळ्या पडलेल्या अळ्या आपण होऊन बाहेर चढतात, म्हणून सियागंज बाजारातून पीव्हीसी पाइपचा तुकडा आणून उतार लावतोय, चाळीस अंशांच्या आसपास. खाली बादली, तीत कोरडा भुसा आणि वर झाकण. भुसा कोरडाच हवा, कारण ओल्या प्लॅस्टिकवरून या बया सरळ वर चढतात.